ऐकणारा वर्ग आणि बोलणारा वर्ग

आम्ही बदलीच्या नोकरीतील माणसे. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एक अनुभव सारखाच येतो. आईने मराठीत विचारावे आणि मुलाने हिंदीत उत्तर द्यावे. मुलास मराठी कळत नाही असे नव्हे. ती त्याच्या कानांत आहे, जिभेवर मात्र नाही. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना पॉडकास्ट, म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रम, ऐकवावेत अशी सूचना काही पालकांनी केली, तेव्हा हा विषय थोडा मागे जाऊन पाहावा असे आम्हांस वाटले. कारण दुरून आलेल्या आवाजाने वर्ग शिकवावा, ही कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे.

एप्रिल १९२४ मध्ये बी. बी. सी. ने शाळांसाठी नियमित प्रसारण सुरू केले. पहिले भाषण सर वॉल्फर्ड डेव्हिस ह्यांचे, संगीतावर होते. आपल्याकडेही १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून शालेय कार्यक्रम होऊ लागले. ह्यामागील आशा थोर होती. उत्तम शिक्षकाचा आवाज आडगावच्या शाळेतही पोहोचावा, एवढीच ती. उणीव इतकीच की, हा आवाज एकाच दिशेने वाहत होता. मुलाने शंका काढली तर पेटी थांबत नसे. एखादे वाक्य निसटले तर ते परत येत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या पुण्याच्या परिसरात झाला, ह्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. १९५६ च्या प्रारंभी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत १५० गावांमध्ये श्रोतृमंडळे स्थापिली. शेतीचा वीस भागांचा कार्यक्रम मंडळींनी एकत्र बसून ऐकावयाचा, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करावयाची, आणि उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ ह्यांनी त्याची पाहणी केली. जेथे मंडळे होती तेथे लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. जेथे नुसता रेडिओ होता तेथे फारच थोडे. पेटी तीच, कार्यक्रम तोच. अंतर पडले ते बोलण्याने.

शाळेच्या वर्गात हेच तत्त्व निकाराग्वाने आजमावले. तेथे १९७४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने नभोवाणीवरून गणित शिकविण्याची योजना हाती घेण्यात आली. पाठातील आवाज प्रश्न विचारी आणि मग क्षणभर गप्प राही. त्या विरामात सबंध वर्गाने मोठ्याने उत्तर द्यावयाचे, आणि लगोलग खरे उत्तर ऐकावयाचे. परीक्षेत ह्या वर्गांतील मुले इतर वर्गांच्या पुढे गेली. त्या कार्यक्रमातील खरा शिक्षक तो विराम होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढे साधने झपाट्याने बदलली. १९६३ मध्ये कॅसेट आली आणि आवाज हवा तेव्हा पुन्हा ऐकता येऊ लागला. २००० मध्ये ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची विनामूल्य प्रणाली निघाली. मुद्रणशाळेतील काम घरच्या संगणकावर होऊ लागले. ‘पॉडकास्ट’ हा शब्द बेन हॅमर्स्ली ह्यांनी ‘गार्डियन’ पत्रात फेब्रुवारी २००४ मध्ये योजिला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नव्या १,६०० हून अधिक विद्यार्थ्यांस आयपॉड वाटले. त्या यंत्राचा उपयोग पुष्कळांनी स्वतः ध्वनिमुद्रण करण्यासाठी केला, ही गोष्ट बोलकी आहे. २००५ मध्ये ओमाहा शहरातील विलोडेल प्राथमिक शाळेची मुले तर ‘रेडिओ विलोवेब’ नावाचा आपलाच कार्यक्रम करू लागली. विषय शाळेचा, आवाज मुलांचा. नभोवाणीच्या आरंभकाळी जो वर्ग निमूट ऐकत होता, तो आता बोलू लागला.

ह्या सर्व इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट दिसते. आवाज मुलापर्यंत पोहोचणे हे अर्धे काम. मुलाचा आवाज निघणे हे उरलेले अर्धे. म्हणून आम्ही त्या सूचनेत थोडा बदल केला. मुलांना गोष्टी ऐकवावयाच्या, परंतु त्याहून अधिक त्यांच्याकडून मुद्रित करून घ्यावयाच्या. त्यांनी चार ओळी लिहाव्यात, वाचाव्यात, आपलेच वाचन ऐकावे आणि न आवडल्यास पुन्हा करावे.

गेल्या रविवारी एका नऊ वर्षांच्या मुलाने दूरध्वनीयंत्रावर आपली हकीकत मुद्रित केली. ‘माझी पुस्तक हरवली’ असे तो बोलून गेला. घरी हेच वाक्य शंभर वेळा सुधारून झाले होते. पण आपला आवाज ऐकताच तो स्वतःच थबकला, म्हणाला, ‘थांबा, परत करतो,’ आणि दुसऱ्या खेपेस त्याचे पुस्तक बिनचूक हरवले.