श्वसनस्नायू प्रशिक्षण, घरगुती (दीर्घ कोविड)

श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंवर मोजून-मापून अवरोध देऊन त्यांचे बळ आणि दमसास वाढवण्याची व्यायामपद्धती. कोविड-१९ होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने धाप लागत राहणाऱ्या व्यक्तींना मुठीत मावणाऱ्या साधनाने ती घरी करता येते. फुप्फुसातील व्रण या व्यायामाने भरून येत नाहीत. फुप्फुस फुलवणारे स्नायू मात्र सशक्त होतात आणि तेवढ्याच कामाला कमी दम लागतो.

पार्श्वभूमी : कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे कोविडोत्तर अवस्था (दीर्घ कोविड), अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी केली. थकवा, धाप आणि विचारशक्तीतील मंदपणा ही तिची ठळक लक्षणे होत. त्याच महिन्यात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लावावी लागली होती. राज्यातील दुसरी लाट तोवर बरीच ओसरली होती. येथे उदाहरणादाखल घेतलेले केडगाव हे याच जिल्ह्याच्या मुख्य शहराचे, पुणे महामार्गावरचे आणि महापालिका हद्दीतील उपनगर. अशा वस्तीत आजारातून उठलेल्या माणसाचा पुढचा काळ रुग्णालयात नव्हे, घरातच जातो. म्हणून घरी करता येणाऱ्या उपचारांना महत्त्व आहे.

शरीरक्रिया : शांत श्वसनात श्वास आत घेण्याचे बहुतेक काम श्वासपटल करते, बरगड्यांमधील बाह्य स्नायू त्याला साथ देतात. जिना चढताना किंवा ओझे उचलताना मानेचे स्नायूही कामाला लागतात. श्वासाचे स्नायू दुर्बळ असले, की तेवढाच श्वास घेण्यासाठी मेंदूला अधिक जोराची आज्ञा द्यावी लागते आणि माणसाला धाप जाणवते. हे स्नायू फार थकले, तर प्रतिक्षिप्त क्रियेने हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे दमाबरोबर पायही लवकर भरून येतात.

कोविडमध्ये या स्नायूंची हानी अनेक वाटांनी होते. कृत्रिम श्वसनयंत्रावर श्वासपटल निष्क्रिय राहते. अशा १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेतही त्याचे तंतू लक्षणीय रोडावतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात आढळले. अंथरुणावरचे दीर्घ पडून राहणे आणि स्टिरॉइडचा दीर्घ वापर यांची त्यात भर पडते. नेदरलंड्समध्ये अतिदक्षता विभागात मृत्यू पावलेल्या कोविड रुग्णांच्या श्वासपटलात तंतुमय ऊतक वाढल्याचेही दिसून आले. जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी रुग्णालयातून घरी परतल्यावर सव्वा वर्षाने टिकून असलेल्या धापेचा संबंध श्वासपटलाच्या दुर्बलतेशी जोडला आहे.

मापन व साधने : पूर्ण श्वास सोडून, बंद नळीतून जास्तीत जास्त जोराने श्वास ओढल्यास निर्माण होणारा ऋण दाब हे या स्नायूंच्या बळाचे माप होय. तो सेंटिमीटर जलदाबात सांगतात. हा आकडा ८०च्या पुढे असेल, तर दखल घेण्याजोगी दुर्बलता सहसा नसते.

प्रशिक्षणासाठी मुख्यतः दोन प्रकारची साधने वापरतात. पहिल्यात स्प्रिंगची झडप असते. ठरवलेला दाब निर्माण केल्याशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे प्रत्येक श्वासाला सारखाच भार मिळतो. दुसऱ्यात हवा अरुंद छिद्रातून ओढावी लागते. तेथे भार श्वासाच्या वेगाप्रमाणे बदलतो आणि हळू ओढल्यास जवळजवळ नाहीसा होतो.

२०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात घरोघर पोहोचलेले तीन चेंडूंचे स्पायरोमीटर या दोहोंत बसत नाही. चेंडू सेकंदाला ६००, ९०० आणि १,२०० मिलिलिटर प्रवाहाला वर उचलले जातात. खोल श्वासाची सवय लावून फुप्फुसाचे मिटलेले भाग उघडावेत, हा त्याचा हेतू. स्नायूंना मोजका, वाढता भार ते देत नाही. शिवाय ते ओढण्याचे साधन असताना अनेक जण त्यात फुंकतात. फुगे फुगवणे आणि शंख वाजवणे यांत भार श्वास सोडणाऱ्या स्नायूंवर पडतो.

प्राणायामाचे स्थान वेगळे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ सप्टेंबर २०२० रोजीच्या कोविडोत्तर मार्गदर्शनात योगासने, प्राणायाम व चालणे सुचवले होते. श्वासाची लय संथ होणे आणि उथळ, घाईचे श्वसन सुटणे यासाठी प्राणायाम उपयोगी पडतो. श्वसनक्रियांतील दाब यंत्राने मोजण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे : स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान व नौली या योगक्रिया करताना शरीरात निर्माण होणाऱ्या ऋण दाबाची प्रयोगांनी नोंद घेतली.

पद्धती : पाठ ताठ, खांदे सैल ठेवून खुर्चीत बसावे, नाकाला चिमटा लावावा, नळीभोवती ओठ घट्ट मिटावेत. श्वास पूर्ण सोडून मग जोराने व खोल ओढावा. सोडताना घाई करू नये. सुरुवातीचा भार बहुधा कमाल दाबाच्या ३० टक्के धरतात. कमाल दाब ६० असल्यास झडप १८वर लावावी लागते. रोज दोन वेळा सुमारे ३० श्वास, सहा ते आठ आठवडे, हा पुष्कळ कार्यक्रमांचा साचा आहे. बळ वाढेल तसा भार वाढवावा. तो तसाच ठेवला तर प्रगती थांबते. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार भराभर होत आहेत असे समजून थांबावे. मुखनळी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी आणि घरातल्या दुसऱ्याला वापरायला देऊ नये.

पुरावा : वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २८१ प्रौढ होते, त्यांत ८८ टक्के स्त्रिया. आजारानंतर सरासरी नऊ महिने उलटलेले असताना त्यांनी घरी, देखरेखीविना, आठवड्यातून तीनदा असे आठ आठवडे प्रशिक्षण घेतले. स्नायूंचे बळ वाढले, धाप आणि छातीच्या तक्रारी कमी झाल्या. जीवनमानाच्या एकूण गुणांत मात्र तुलनागटापेक्षा ठोस फरक दिसला नाही. स्पेनमधील ८८ जणांच्या चाचणीत (२०२३) घरी रोज ४० मिनिटांचा व्यायाम दूरस्थ देखरेखीखाली झाला. श्वास घेण्याचे व सोडण्याचे अशा दोन्ही स्नायूंना व्यायाम देणाऱ्यांचे जीवनमान सुधारले, पण व्यायामाची सहनशक्ती वाढली नाही. सारांश, धाप कमी होण्याची आशा धरावी. थकवा किंवा विस्मरण याने जाईल असे मानू नये.

सावधगिरी : फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणे, फुप्फुसातील मोठे फुगे, कानाचा फाटलेला पडदा, छातीची अलीकडची शस्त्रक्रिया, अनियंत्रित दमा किंवा तीव्र हृदयविकार असल्यास हा व्यायाम वैद्यकीय परवानगीशिवाय करू नये. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी लक्षणे उसळत असतील, तर भार वाढवण्याऐवजी श्रम आवरणे आवश्यक असते. प्रत्येक धाप कोविडमुळे असतेच असे नाही. क्षयरोग, पंडुरोग, हृदयविकार आणि फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ यांचा आधी विचार व्हावा. दोन आठवड्यांहून जुना खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी.

परिसरातील सोय : अहिल्यानगरजवळ विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे आणि राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्थेचे, अशी फिजिओथेरपी महाविद्यालये जिल्ह्यात आहेत. केडगावच्या रुग्णाला रोजच्या सत्रासाठी तेथपर्यंत जाण्याची गरज नसते. सुरुवातीला डॉक्टरांची तपासणी, फिजिओथेरपिस्टकडून श्वासाच्या दाबाचे मापन आणि भाराची निश्चिती, मग काही आठवड्यांनी फेरमापन, एवढ्यासाठी मोजक्या फेऱ्या पुरतात. हे मापन न करता बाजारातून आणलेले साधन अंदाजाने चालवले, तर भार एक तर कुचकामी हलका राहतो किंवा झेपेनासा होतो.