कागदावरचे मैल

अमेरिकेतल्या तातडीच्या मालवाहतुकीत भाडे बहुधा मैलावर ठरते, पण ते मैल ओडोमीटरवरचे नसतात. ठरलेल्या मायलेज गाइडमध्ये दोन ठिकाणांमधले जेवढे अंतर, तेवढ्याचेच पैसे. जुन्या 'हाउसहोल्ड गुड्स' पद्धतीत तर सर्वांत जवळचा रस्ता धरतात. समजा, 500 मैलांचे पैसे ठरले. गाडी धावली 530 मैल आणि माल उचलायला त्याआधी 70 मैल रिकामी गेली. रिकाम्या फेरीचे काही मिळाले नाही, तर दीड डॉलरचा दर प्रत्यक्षात सव्वावर येतो. गाडी अनेकदा चालकाच्याच मालकीची, म्हणजे डिझेलही त्याच्याच खिशातले. चालक भाव ठरवताना आधी रिकामे मैल का विचारतो, ते यावरून कळावे.