शंखाची तपकिरी साल

आमच्या गल्लीतल्या एक काकू द्वारकेची यात्रा करून आल्या, त्या शंख घेऊनच. मला दाखवत म्हणाल्या, "सर, ओख्याच्या बंदरावर घेतला. पण फसवलं की हो मला! कितीही घासला तरी पांढरा होईना." शंख तपकिरी होता, हाताला खरबरीत, जुन्या करवंटीसारखा. मी म्हटले, "काकू, कुणी फसवलं नाही. समुद्रातला शंख असाच असतो. देवघरातला पांढरा शंख म्हणजे साल काढलेला शंख!"

मी इतिहासाचा मास्तर. प्राणिशास्त्र आमच्या विज्ञान शिक्षकांकडून उसने घेतलेले. त्यांनी सांगितले ते असे: शंखातला जीव आपले घर चुन्याचे बांधतो, पण कडेला आधी प्रथिनाचा एक पातळ थर विणतो. शास्त्रज्ञ त्याला पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात. त्याच्या आतल्या अंगाला चुन्याचे स्फटिक धरतात, आणि पुढे हीच साल पाण्यातल्या आम्लापासून व भोके पाडणाऱ्या जीवांपासून चुन्याला जपते. साल काढलेल्या शंखाच्या फुटक्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून पाहा, बुडबुडे येतील. देवघरातल्या शंखावर मात्र हा प्रयोग नको.

काकूंच्या शंखाचे गाव म्हणजे ओखामंडळ. बडोदेकर वाचकांना हे नाव परके नाही, कारण हा मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता. तिथल्या बेट द्वारकेचे जुने नावच शंखोद्धार. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ मध्ये, जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने बडोदे सरकारसाठी इथल्या सागरी जीवांची पाहणी केली. त्याच हॉर्नेलने १९१४ मध्ये भारतातल्या पवित्र शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तुतिकोरीनचे पाणबुडे समुद्रतळाशी जाऊन शंख काढीत, आणि तो माल बंगालमधल्या शंखकारांकडे जाई. तिथे त्याच्या बांगड्या होत. बंगाली सवाष्णीच्या हातातला 'शांखा' तो हाच. अशा व्यापारात साल बिनकामाची नव्हती. साल शाबूत म्हणजे शंख जिवंत पकडलेला. जीव मेल्यावर साल झडते, मग शंखाला समुद्रातच भोके पडतात, आणि अशा मालाची चांगली बांगडी निघत नाही.

हा धंदा किती जुना? द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९८० च्या दशकात उत्खनन केले. तिथे हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी फेकलेल्या शंखाच्या तुकड्यांचे ढीग निघाले. म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे बांगड्यांचे कारखाने होते. तुकड्यांवरच्या खुणांवरून कळते की शंख काशाच्या करवतीने कापले जात. लोखंड माहीत नसताना एवढा कठीण शंख सरळ चकतीसारखा कापायचा, ही काही साधी कारागिरी नव्हे. आम्ही मात्र हडप्पा शिकवताना विटा आणि गटारांवरच थांबतो. मीही त्याला अपवाद नाही.

मात्र त्या कारागिरांच्या हाती आलेली साल आज आपल्याला दिसत नाही. चुना मातीत टिकतो, प्रथिन कुजून जाते. म्हणून संग्रहालयांतले ते तुकडे पांढुरकेच दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की शंख समुद्रातून असाच निघाला.

काकूंनी तो शंख शेवटी आमच्या शाळेला दिला. आता तो इतिहासाच्या कपाटात आहे, तपकिरीच. घासायचा नाही, अशी शिपाईमामांना ताकीद आहे.