मेकॅनो प्रतिकृती
मेकॅनो प्रतिकृती : समान अंतरावर छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, पत्रे, आस, कप्प्या आणि दातेरी चक्रे नट-बोल्टांनी जोडून केलेले यंत्राचे चालते छोटे रूप. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये अशा संचाचे पेटंट घेतले. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ पासूनचे. लिव्हरपूलमधील बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. भारतात झेफिर टॉयमेकर्सचा ‘मेकॅनिक्स’ हा याच जातीचा संच घरोघरी पोचला.

संचाची सारी करामत छिद्रांत आहे. मूळ संचात दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर अर्धा इंच (१२.७ मिमी.) असते. चार, पाच आणि सहा छिद्रांच्या तीन पट्ट्या टोकांशी जोडल्या की अंतरे तीन, चार, पाच होतात आणि गुण्या न लावता काटकोन मिळतो. चक्रांचे दातही याच मापाला बांधलेले. ५७ दाती चक्र आणि १९ दाती पिनियन (छोटे चक्र) यांचे आस बरोबर एक इंचावर, म्हणजे एक सोडून दुसऱ्या छिद्रात बसतात व वेग एक-तृतीयांश होतो. वर्म (मळसूत्री चक्र) लावला तर ५७ फेऱ्यांना एक फेरी. संचासोबतच्या पुस्तिकेतले चित्र पाहून जोडणी कोणीही करतो; खरे कसब पुस्तिका मिटल्यावर लागते.

कोडोलीसारख्या गावात त्यासाठी नमुने शोधावे लागत नाहीत. पन्हाळा तालुक्यातील हे गाव वारणा खोऱ्यात असून वारणानगरचा सहकारी साखर कारखाना आणि अभियांत्रिकी महाविद्यालय त्याला लागूनच आहेत. पुस्तिकेतली क्रेन बंदरावरची, एका आकड्याची. उसाची क्रेन दोरांत बांधलेला अख्खा भार उचलून गव्हाणीकडे नेते. तेव्हा एका आकड्याऐवजी आडवा दांडा टांगून त्याला तीन-चार आकडे द्यावे लागतात, मागे वजन वाढवावे लागते आणि दोर गुंडाळण्याच्या आसावर चक्र आणि हाताने फिरवायच्या आसावर वर्म बसवावा लागतो. वर्म चक्राला फिरवतो, चक्र वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे हात सोडला तरी मोळी अधांतरी थांबते.

तीन रोलरांचा चरक याहून अवघड. वरचा रोलर एका दिशेने आणि खालचे दोन्ही उलट फिरायला हवेत. तिघांच्या आसांवर ३८ दाती चक्रे घेतली तर प्रत्येक खालचा आस वरच्यापासून एक इंचावर हवा. पण उभ्या-आडव्या छिद्रांच्या जाळीत ते अंतर फक्त सरळ खाली किंवा सरळ बाजूला मिळते, तिरके मिळत नाही. उपाय असा, की वरच्या आसावर तीन छिद्रांच्या दोन छोट्या पट्ट्या अडकवून त्यांच्या टोकांना खालचे आस द्यायचे. कोन हवा तेवढा उघडा, दातांची पकड सुटत नाही. रस अर्थातच निघत नाही, पण चिपाड कोणत्या बाजूने बाहेर पडेल ते कागदाची पट्टी घालून पाहता येते.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी मँचेस्टरचे उदाहरण पाहावे. तेथील विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून अवकल समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. त्याची अचूकता सुमारे दोन टक्क्यांपर्यंत होती. कोल्हापुरात मेकॅनोविनाच ही वृत्ती होती : बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला होता.

संच अपुरा पडला की भाग घरी करावे लागतात. लोखंडी पट्टी कापून भोके पाडताना प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजले, तर केसाएवढी चूक साठत जाते आणि अकराव्या भोकाशी बोल्ट जात नाही. म्हणून जुनी पट्टीच वर ठेवून, दोन्ही टोकांना बोल्टने आवळून, तिच्या छिद्रांतून ड्रिल चालवतात. बोल्टांचे मात्र जपावे. जुन्या मेकॅनोचे आटे ५/३२ इंची व्हिटवर्थ, बाजारात सहज मिळणारा बोल्ट एम-४. जाडीत फरक दिसत नाही, पण जुन्या नटात तो काही आटे जाऊन अडकतो, आणि पान्याने रेटला की पितळी भागातले आटे जातात.