फुलांचा राजा पिओनी : लोयांगपासून मलाक्कापर्यंत

पिओनी या एकाच नावाने जग ज्यांना ओळखते, ती चिनी माणसाच्या लेखी दोन निराळी फुले आहेत. 'शाओयाओ' मऊ खोडाची. हिवाळ्यात तिचा जमिनीवरचा भाग सुकून जातो आणि वसंतात मुळांतून नवे कोंब फुटतात. 'मुदान' हे मात्र लाकडी खोडाचे झुडूप. त्याची पाने गळाली तरी फांद्या उभ्या राहतात. साहित्यात शाओयाओ आधीची. 'शिजिंग' या प्राचीन काव्यसंग्रहात प्रेमिक ती एकमेकांना भेट देताना दिसतात. मुदानची ओळख प्रथम वैद्यांना झाली, ती मुळाच्या सालीमुळे. ही साल आजही चिनी औषधांत वापरली जाते. उद्यानात मुदानला मान उशिरा मिळाला, परंतु नंतर 'फुलांचा राजा' हे बिरुद त्यालाच लाभले.

थांग राजवटीत (६१८ ते ९०७) राजधानी छांगआनमधील धनिकांना मुदानचे अक्षरशः वेड लागले. दुर्मिळ रोपांसाठी ते वाटेल ती किंमत मोजत. करांच्या ओझ्याखाली वाकलेल्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन कवी बाइ जुयी याने या उधळपट्टीवर बोट ठेवले होते. सम्राज्ञी वू झतियान हिची दंतकथा याच काळाशी जोडलेली आहे. भर हिवाळ्यात तिने सर्व फुलांना उमलण्याची आज्ञा केली. सगळ्यांनी ती पाळली. एकट्या मुदानने मान तुकवली नाही. संतापलेल्या सम्राज्ञीने त्याला लोयांगला हद्दपार केले आणि तिथे ते अधिकच बहरले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही, कारण लोयांगला राजधानीचा मान देणारी स्वतः वूच होती. तरीही चिनी मनाला ती भावली. वैभवाचे प्रतीक मानले गेलेले फूल सत्तेपुढे न झुकणारेही ठरले, ते या कथेमुळे.

लोयांगची कीर्ती शब्दबद्ध केली ती सोंग काळातील विद्वान ओउयांग श्यू याने. तरुणपणी तो तेथे अधिकारी होता. १०३४च्या सुमारास लिहिलेल्या मुदानवरील ग्रंथात त्याने चोवीस जातींची नोंद केली, तसेच कलम बांधण्याची पद्धतही सांगितली. लोयांगमध्ये नुसते 'फूल' म्हटले की मुदानच समजतात, असे त्याचे निरीक्षण आहे. याच शतकातील तत्त्वज्ञ झोऊ दुनयी याचे मत मात्र वेगळे होते. मुदान हे श्रीमंतांचे फूल, सज्जनाचे फूल ते चिखलातून निर्मळ वर येणारे कमळ, असे त्याने म्हटले. भारतीय वाचकाला हा कौल ओळखीचा वाटेल. लोकांनी मात्र वैभवाचाच पक्ष घेतला. फुलदाणीसाठीच्या चिनी शब्दाचा उच्चार शांततेच्या शब्दासारखाच असल्याने फुलदाणीतील मुदानचे चित्र म्हणजे सुखसमृद्धीची आणि शांततेची शुभेच्छा ठरली. पक्ष्यांची राणी फिनिक्स आणि मुदान ही जोडी विवाहमंगलाचे चिन्ह बनली.

हीच जोडी समुद्र ओलांडून मलाक्का, पिनांग आणि सिंगापूर येथे पोहोचली. तेथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले. त्यांचे वंशज म्हणजे पेरानाकान. पुरुष 'बाबा' आणि स्त्रिया 'न्योन्या'. त्यांची बोली मलय वळणाची झाली, स्वयंपाकात नारळ आणि मसाले आले. मात्र पूर्वजपूजा व विवाहविधी चिनीच राहिले. अडचण होती ती फुलाची. पिओनीला कळ्या धरण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते आणि विषुववृत्ताजवळच्या या मुलखात हिवाळाच नाही. जे फूल परसात कधी उमलणे शक्य नव्हते, ते न्योन्यांनी घरभर फुलवले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत श्रीमंत पेरानाकान कुटुंबे चीनमधील जिंगदेझेन येथून खास चिनी मातीची भांडी मागवीत. गुलाबी, पोपटी, पिवळ्या, फिरोजी अशा भडक रंगांवर फिनिक्स आणि पिओनी चितारलेली ही भांडी लग्नासारख्या मंगलप्रसंगी बाहेर निघत. दुखवट्याच्या काळात त्यांची जागा निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी घ्यायची. चिनी अभिरुचीला हा रंगांचा थाट कदाचित उथळ वाटेल, पण त्यातच या समाजाचे वेगळेपण आहे. बारीक मण्यांची 'कासुत मानेक' ही पादत्राणे न्योन्या स्वतः विणत. त्यांच्यावर युरोपीय नमुन्यांतील गुलाबही अवतरले. कित्येकदा फूल गुलाबाचे की पिओनीचे, हे सांगणे अवघड जाते.

चिनी कारागिरांची पिओनी मुंबईतही आली, पण वेगळ्या वाटेने. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांनी आणलेल्या गारा साड्यांच्या रेशमी भरतकामात ती हमखास आढळते.

जागतिक मंदी आणि १९४२ ते १९४५ ची जपानी राजवट यांत पेरानाकानांचे ऐश्वर्य ओसरले, अनेक घरांतील भांडी विकली गेली. आता त्यांतील निवडक नमुने सिंगापूरच्या पेरानाकान संग्रहालयात आहेत. २००८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याच शहरातील 'गार्डन्स बाय द बे' या उद्यानात कृत्रिमरीत्या थंड ठेवलेल्या काचगृहात अलीकडच्या काळात खऱ्या पिओनींची प्रदर्शने भरली आहेत. बाबा-न्योन्यांच्या कित्येक पिढ्यांनी केवळ ताटांवर पाहिलेले हे फूल तेथे पाकळीसह पाहता येते.