औषध किती पेलतं, त्यावरून दुःखाची जात

आजची गोष्ट दिल्लीतल्या एका केसपेपरवरून सुरू करतो. माझी आत्या करोल बागेत राहायची. सत्तरच्या दशकात तिच्या कागदावर डॉक्टरांनी 'रिॲक्टिव्ह डिप्रेशन' लिहिलं. यजमान गेले होते, म्हणजे कारण उघड होतं. काळ जाईल तसं बरं वाटेल, असं घरी सांगितलं. तसं काही झालं नाही. दुसरा शिक्का असायचा 'एंडोजिनस', म्हणजे आतून उगवलेलं. त्याला औषधं, विजेचे झटके. पुढचे उपचार शिक्क्यावर ठरायचे, आणि शिक्का ठरायचा प्रश्नोत्तरांतून.

तो मोजून मारता येईल का? माँट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स शागास यांनी 1954 मध्ये तशी चाचणी मांडली. औषध सोडियम अमायटल, म्हणजे आपण 'नार्को टेस्ट'मुळे ऐकतो त्या पेंटोथलच्याच कुळातलं. दर 40 सेकंदांनी वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं. रुग्ण बोलत असतो, डोक्याला ईईजीच्या तारा असतात. कपाळाकडच्या जलद लहरींचा आलेख जिथे वळतो आणि जीभ जड होते, तिथवर लागलेली मात्रा म्हणजे 'सेडेशन थ्रेशोल्ड'. मला गंमत वाटते ती निकालाची. ज्याला सौम्य समजायचे, त्या न्यूरोटिक डिप्रेशनमध्ये मात्रा जास्त लागायची. तीव्र, सायकोटिक डिप्रेशनमध्ये कमी. शागास यांचा खुलासा असा, की आतला ताण जितका जास्त, तितकं गुंगीचं औषध जास्त पेलतं. 1958 पर्यंत त्यांच्याकडे 750 रुग्णांचे आकडे होते.

आपल्या दिल्लीतही तेव्हा ईईजीवर मोठी भिस्त होती. एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधीतल्या योग्यांच्या लहरी टिपल्या. दोघा योग्यांनी 4 अंशांच्या पाण्यात पाऊण तास हात ठेवला, तरी अल्फा लहरी मोडल्या नाहीत. हा निबंध 1961 मध्ये शागास यांची चाचणी छापणाऱ्याच नियतकालिकात आला. पण या मंडळींनी त्यातून कुणाचं निदान केलं नाही.

शागास यांच्या चाचणीला 1959 मध्येच लंडनमध्ये धक्का बसला. ॲकनर आणि पँपिग्लिओनी यांना गटागटांत तसा फरक सापडेना. जीभ जड झाली, हे ठरवायचं शेवटी कानाने. शिवाय ज्याला झोपेच्या गोळ्यांची आधीच सवय, त्याला मात्रा जास्त लागणारच. मग मोजलं काय, ताण की सवय? पुढे 1980 च्या अमेरिकी वर्गीकरणात न्यूरोटिक-सायकोटिक ही जुनी विभागणीच मोडली.

आत्याला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पाच-सहा आठवड्यांनी ती स्वतःहून अजमल खान रोडवर भाजी आणायला गेली. केसपेपरवरचा शब्द कुणी बदलला नाही.