वैतरणा नदी : मुखाकडून उगमाकडे सरकलेले महत्त्व

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नद्यांविषयीच्या लेखनात गोदावरी, कृष्णा, भीमा या पूर्ववाहिनी नद्यांना जे स्थान लाभले, ते पश्चिमवाहिनी नद्यांच्या वाट्यास आले नाही. उत्तर कोकणातील वैतरणा हे याचे ठळक उदाहरण होय. मृत्यूनंतर जीवास पार करावी लागणारी यमलोकीची नदी म्हणून पुराणांत हे नाव येते. त्यामुळे नावाची चर्चा पुष्कळ झाली; प्रत्यक्ष नदीचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. शतकानुशतके या नदीचे महत्त्व तिच्या मुखाशी होते व १८९२ नंतर ते वरच्या खोऱ्याकडे सरकले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. या स्थित्यंतराची किंमत मुखाशी असलेल्या वसई परिसराने कशी मोजली, याचाही येथे विचार केला आहे.

भौगोलिक स्वरूप

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत वैतरणेचा उगम होतो. याच रांगेतील ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास मिळते, तर वैतरणा सह्याद्री उतरून ठाणे व पालघर जिल्ह्यांतून अरबी समुद्राकडे येते. पिंजाळ, देहर्जे, सूर्या आणि तानसा या तिच्या प्रमुख उपनद्या होत. अर्नाळा व दातिवरे यांच्या दरम्यान ती समुद्रास मिळते. उत्तरेस वैतरणेची आणि दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, अशा दोन खाड्यांमध्ये वसई तालुका वसलेला आहे. त्याच्या इतिहासाची दिशा या रचनेने ठरविली.

मुखाचे महत्त्व

या दोन खाड्यांच्या आश्रयाने शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, हे बंदर भरभराटीस आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा उल्लेख आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे उजेडात आला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश मिळाला. राजाज्ञा कोरून ठेवावी इतकी येथे माणसांची ये-जा होती, हे यावरून दिसते. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या व बंदराचे वैभव ओसरले.

मध्ययुगात मुखाचे महत्त्व लष्करी स्वरूपाचे झाले. खाडीच्या तोंडावरील बेटावर असलेला अर्नाळ्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. त्याच्या द्वारावरील शिलालेखात बाजीराव पेशव्यांचे नाव आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या मोहिमेत त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केल्याची परंपरा असून देवीचे मंदिर तानसेच्या खोऱ्यातच आहे. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि वैतरणा खाडी पुलाने ओलांडली जाऊ लागली. नदी आता वाहतुकीचे साधन न राहता वाहतुकीतील अडथळा ठरू लागली.

खोऱ्यातील जीवसृष्टी

या खोऱ्याचे जैववैविध्य दोन टोकांना एकवटले आहे. तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात बिबट्या, चौशिंगा व भेकर आढळतात. दीर्घकाळ नामशेष मानला गेलेला व १९९७ मध्ये शहादा परिसरात पुन्हा आढळलेला वनपिंगळा २०१४ मध्ये तानसा येथे दिसला. दुसऱ्या टोकास तिवरांची वने आहेत. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, कालवे यांचे जीवन गोड्या व खाऱ्या पाण्याच्या मिश्रणावर अवलंबून असते. खाडीकाठच्या कोळी समाजाची उपजीविका याच मिश्रणाशी निगडित आहे. वरून येणारे गोडे पाणी घटले की खाडीचा खारेपणा वाढतो. म्हणून जंगल व खाडी यांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही.

उगमाकडे सरकलेले महत्त्व

१८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईस मिळू लागले. त्यानंतर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) हे जलाशय वापरात आले. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी हे चार वैतरणेच्या खोऱ्यातील आहेत. महानगराची तहान भागविणारी नदी हीच तिची नवी ओळख झाली.

मुखाशी मात्र वेगळे चित्र होते. वसई-विरारच्या वाढत्या वस्तीने दीर्घकाळ टँकरवर गुजराण केली. विहिरींतून होणाऱ्या बेसुमार उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठविला. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. सूर्या प्रादेशिक योजनेतील १८५ दशलक्ष लिटर दैनिक पाण्याचा पुरवठा २०२३ पासून सुरू झाला. तथापि सूर्या प्रकल्प मूलतः डहाणू, पालघर, विक्रमगड या आदिवासीबहुल भागाच्या सिंचनासाठी आखलेला होता. म्हणजे मुखाशी असलेल्यांची तहान भागली ती वरच्या शेतकऱ्याच्या हिश्शातून. दरम्यान खाडीतील रेतीउपशाने रेल्वेपूल व वाढीव बेट या दोहोंस धोका निर्माण केला.

निष्कर्ष

बंदर, किल्ला, पूल आणि धरण या प्रत्येक टप्प्यावर वैतरणेचे महत्त्व कोणीतरी ठरविले आणि ते दरवेळी नदीच्या एकाच भागापुरते ठरविले. उगमापासून खाडीपर्यंत अखंड नदी हा घटक धोरणात कधी आला नाही. पाण्याचे वाटप करताना खाडीपर्यंत पोहोचणारा प्रवाह हाही एक हक्कदार मानला गेला पाहिजे. सोपाऱ्याचे बंदर गाळाने बुजले, तो निसर्गक्रम होता असे म्हणता येईल. आज खाडीचे जे होत आहे, त्यास मात्र निसर्गक्रम म्हणता येणार नाही.